घरच्यांसोबत गाव-देश सोडलेल्यांचे अनुभव

गणपतीआधी माळा झाडताना दुधाच्या पावडरचा गंजलेला डबा हाती आला आणि मी स्टुलावरच बसून राहिले. ऑगस्ट 1990. कुवेतमध्ये इराकी फौजा शिरल्या तेव्हा मी सहावीत. आईने दागिन्यांआधी या डब्यात पासपोर्ट, बाबांची आयटीआयची सर्टिफिकेटं आणि आमची प्रगतिपुस्तकं गुंडाळून भरली. बसने बगदादमार्गे जॉर्डन, अम्मानजवळ तंबूत अकरा दिवस, मग एअर इंडियाचं विमान, आणि मुंबईचा सहार विमानतळ. वाटेत बाबांचे दिनार कोणी घेईना. सर्टिफिकेटं मात्र चालली, दोन महिन्यांत ते साकीनाक्याला लेथवर उभे होते, निम्म्याहून कमी पगारात. मी बँकेत चिकटले ती त्याच भीतीने. दुबईची संधी दोनदा सोडली. आता लेकीला बाहेर शिकायला जायचंय आणि नको म्हणायला जीभ रेटत नाही. तुमच्या घरी कसं झालं? लिहा.

गॅलरी_नं_3: आमचे बाबा पण कुवेतचेच!! पुढे संयुक्त राष्ट्रांकडून भरपाई आली, 4000 डॉलर, तेही दोन हप्त्यांत आणि कित्येक वर्षांनी. तोवर फॉर्मची झेरॉक्स उशीखाली. त्यातून डोंबिवलीच्या खोलीचं डिपॉझिट भरलं.

भरती_ओहोटी: मला एकदम खुबूस आठवला, तिकडची अरबी रोटी. इथे कुठे मिळतो का हो?

लालबाग_माहेर: आम्ही पाटणहून मुंबईत, एवढंच. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप झाला, काका गावी परतले. आई म्हणाली, मुलांची शाळा इथे आहे, मी हलणार नाही. चौदा डबे करायची, पोळ्या लाटताना माझे पाढे घ्यायची. मी नर्सिंगला गेले कारण शिकताना स्टायपेंड मिळायचा. आवड नंतर लागली, आणि आता वॉर्डात गावाकडून आलेला पेशंट दिसला की आधी त्याच्या नातेवाइकाला जेवलास का विचारते. कुकर झाला, येते.

गॅलरी_नं_3: ताई डोळ्यांत पाणी आलं.

मुलुंडकर_2: मी दातांची डॉक्टर. नवऱ्याच्या नोकरीमुळे कॅनडात ब्रॅम्प्टनला गेलो, तिथे आपली डिग्री थेट चालत नाही, सगळ्या परीक्षा पुन्हा. तीन वर्षं दुसऱ्याच्या क्लिनिकात अपॉइंटमेंटा लिहिल्या. मुलाने शाळेत 'आई रिसेप्शनिस्ट' लिहिलं त्या रात्री पुस्तकं काढली. पास झाले. सासूबाई तेव्हा येऊन सहा महिने राहिल्या नसत्या तर जमलं नसतं, हे मी सगळ्यांना सांगते.

भरती_ओहोटी: अशा सासूबाईंना नमस्कार सांगा. धागाकर्त्या ताई, डब्याचा फोटो टाका ना.

धागाकर्ती: टाकते. खुबूस भेंडीबाजारात बघा, संध्याकाळी. डबा सध्या लेकीकडे आहे, तिचे कागद त्यात घालून बघतेय. मार्कशीट लॅमिनेट केलीय, ती काही गुंडाळता येत नाही.