एकच मिड-लेंथ सगळ्या लाटांना पुरतो, हे मला मान्य नाही

दर्यावर्दी

गेल्या आठवड्यात ‘पश्चिमवारा’ यांनी येथे लिहिले होते की सर्फिंगसाठी ७ ते ८ फुटांमधला, म्हणजे मिड-लेंथ, कोणताही एक बोर्ड घ्यावा, आपल्या वजनाला पुरेसे लिटर (बोर्डाचे घनफळ) आहेत एवढेच पाहावे, आणि मग गोव्यापासून बालीपर्यंत दुसऱ्या बोर्डाची गरज उरत नाही. रॉकर (नाकापासून शेपटापर्यंतचा बाक), रेल (बोर्डाच्या कडा) आणि फिन (तळाचे पर) यांची चर्चा म्हणजे विक्रेत्यांनी माजवलेले अवडंबर आहे, असेही त्यांचे म्हणणे होते. मी त्यावर काही लिहिणार नव्हतो, परंतु त्या लेखाखाली तीन नवशिक्यांनी ‘आजच मागवतो’ असे लिहिलेले वाचले आणि राहवले नाही.

मी मूळचा वेंगुर्ल्याचा असून गेली अकरा वर्षे चेन्नईच्या दक्षिणेला, कोवलमजवळ राहतो. माझ्याकडे ७ फूट ४ इंचांचे दोन बोर्ड आहेत आणि त्यांच्या घनफळात जेमतेम एका लिटरचा फरक आहे. पहिला अंडाकृती, जवळजवळ सपाट रॉकरचा, जाड आणि गोल रेलचा, एकाच फिनचा आहे. दुसऱ्याचे नाक चांगले उचललेले आहे, शेपूट निमुळते आहे, मागच्या दोन फुटांत रेलला स्पष्ट कड आहे आणि मधल्या फिनच्या दोन्ही बाजूंना छोटे फिन आहेत. ‘पश्चिमवारा’ यांचा निकष लावला तर हे दोन्ही बोर्ड एकच ठरतात.

दिवाळीनंतर गोव्यात आश्वेला सकाळी मतलई वारा असतो आणि लाट कमरेएवढी, आळसावलेली असते. तेव्हा पहिला बोर्ड दोन-तीन हातांतच लाट धरतो आणि ती विझत आली तरी पुळणीपर्यंत सरकत राहतो. त्याच लाटेवर दुसरा बोर्ड घेतला तर सहा-सात हात मारूनही लाट खालून निघून जाते. आता उलट बाजू सांगतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात दक्षिणेकडून लांब पल्ल्याचा स्वेल (दूरवरून येणाऱ्या लाटांची रांग) कोवलमच्या पॉइंटवर, म्हणजे समुद्रात शिरलेल्या टोकावर, आला होता आणि मी आळसाने पहिलाच बोर्ड घेऊन गेलो. लाट खांद्याएवढीच होती, पण उभा राहीपर्यंत तिची भिंत पायाखाली सरळ उभी झाली. नाकावरचे मेण पाण्याखाली जाताना मला स्पष्ट दिसले, आणि पुढच्या क्षणी मी बोर्डाच्या पुढे होतो. असे सलग चार लाटांवर झाले. घरी येऊन दुसरा बोर्ड नेला, आणि त्याच लाटांवर पहिल्याच प्रयत्नात वळण साधले.

याला जादू म्हणता येणार नाही. खोल समुद्रात ८ सेकंदांच्या (म्हणजे दर ८ सेकंदांनी येणाऱ्या) लाटेची लांबी सुमारे १०० मीटर भरते, तर १४ सेकंदांच्या लाटेची ३०० मीटरहून अधिक. लांब लाटेला तळ आधीच जाणवू लागतो, त्यामुळे ती पॉइंटभोवती अधिक वळते, उथळ पाण्यात अधिक उंच उठते आणि जोराने फुटते. तिच्या भिंतीला वळण असते आणि त्या वळणात बसण्यासाठी बोर्डालाही वळण लागते. सपाट बोर्ड सपाट पाण्यावर वेगवान ठरतो, उभ्या भिंतीवर तो नाक खुपसतो. जाड रेल तेथे रुतत नाही, घसरते. लिटरचा आकडा यातले काहीच सांगत नाही. बोर्ड किती तरंगेल एवढेच तो सांगतो.

सॅनडिएगोकर

मी पूर्णपणे असहमत आहे, आणि ‘पश्चिमवारा’ यांची बाजू घेण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे.

ज्या गावात स्किप फ्राय यांनी अंडाकृती बोर्ड घडवले, त्या गावात मी राहतो. गेली चार वर्षे माझ्याकडे एकच बोर्ड आहे: ७ फूट २ इंच, गोल निमुळते शेपूट, मधल्या लांब फिन-बॉक्सच्या (फिन बसवायच्या खाचेच्या) बाजूला दोन छोटे फिन. इथल्या सॅन ओनोफ्रे किनाऱ्याची सुस्त लाट असली की मी बाजूचे फिन काढतो आणि साडेसात इंची फिन एकटाच ठेवतो. लाटेत दम असला की सहा इंची फिन बसवून बाजूचे दोन्ही परत लावतो. फिन बॉक्समध्ये इंचभर पुढे सरकवला तर बोर्ड मोकळा वळतो, मागे सरकवला तर सरळ आणि स्थिर चालतो. एका स्क्रू-ड्रायव्हरने जे होते, त्यासाठी माणसाने दुसरा बोर्ड का विकत घ्यावा?

तुम्ही चार लाटांवर पडलात, हा दोष बोर्डाचा नसून तुम्ही उशिरा उठलात याचा आहे. टोरन मार्टिन हा ऑस्ट्रेलियन सर्फर दोन फिनचे लांब बोर्ड घेऊन अक्षरशः नळीसारख्या लाटांमध्ये शिरतो. तेव्हा मिड-लेंथला उभी लाट झेपत नाही, असे कोणी म्हणू नये.

नवशिक्यांना रॉकर आणि रेलच्या चक्रात अडकवून आपण त्यांचे नुकसान करतो. दोन-दोन वर्षे बोर्डांची तुलना करणारी आणि पाण्यात महिन्यातून एकदा उतरणारी माणसे मी पाहिली आहेत.

दर्यावर्दी

मिड-लेंथला उभी लाट झेपत नाही, असे मी कोठेही लिहिलेले नाही. *प्रत्येक* मिड-लेंथला ती झेपतेच असे नाही, असे लिहिले आहे. टोरन मार्टिनचे बोर्ड सायमन जोन्स त्याच्या शैलीचा विचार करून घडवतात. त्यांचा रॉकर, तळाचा आकार आणि फिनची जागा यांवर किती काम झालेले असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ‘लिटर पाहा आणि घ्या’ या सल्ल्याच्या बाजूने तुम्ही दिलेले ते सर्वांत कच्चे उदाहरण आहे.

फिनबद्दल तुम्ही जे लिहिले ते मला मान्य आहे. पण फिन बदलल्याने नाकाचा रॉकर बदलत नाही. आणि एक सरळ प्रश्न विचारतो: हाच बोर्ड घेऊन तुम्ही डोक्यावरच्या लाटेत तुमच्याकडच्या ब्लॅक्स किनाऱ्याला कितीदा गेला आहात? तेथे समुद्राखालच्या स्क्रिप्स दरीमुळे स्वेलची ताकद एकवटते, हे तुम्हीच येथे पूर्वी लिहिले होते.

सॅनडिएगोकर

डोक्यावरच्या लाटेत एकदाही नाही. छातीपर्यंतच्या लाटेत अनेकदा. त्यापेक्षा मोठी असली की मी टूरमलीन या दुसऱ्या किनाऱ्याला जातो.

दर्यावर्दी

म्हणजे तुमचा बोर्ड सगळ्या लाटांना पुरत नाही. त्याला पुरतील अशा लाटा तुम्ही निवडता. त्यात वावगे काहीच नाही, मात्र नवशिक्याला सांगताना हे अर्धे वाक्य गाळू नये.

सिडनीकर

इतिहासाबाबत एक दुरुस्ती. मिड-लेंथ ही आजची टूम आहे, असे दोन्ही बाजूंच्या लिखाणातून वाटते. १९६६ साली नॅट यंग यांनी सॅन डिएगोत जागतिक अजिंक्यपद जिंकले तेव्हा त्यांचा बोर्ड ९ फूट ४ इंचांचा होता, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतच ऑस्ट्रेलियात बोर्ड ७ ते ८ फुटांवर आले. त्यानंतर १९८१ मध्ये सायमन अँडरसन यांनी तीन फिनचा बोर्ड घेऊन ऑस्ट्रेलियातील बेल्सची स्पर्धा जिंकेपर्यंत सात-साडेसात फुटांच्या एका फिनच्या बोर्डांवर माणसांनी हवाईच्या मोठ्या लाटाही झेलल्या. मात्र ते मोठ्या लाटांचे बोर्ड अरुंद आणि टोकदार होते, आजच्या अंडाकृती बोर्डांसारखे नव्हते. लांबी तीच असूनही ती जात वेगळी होती. या मुद्द्यावर मी दर्यावर्दी यांच्या बाजूने आहे.

खारीवाट

मी गोव्यात सर्फिंग शिकवते आणि ही सगळी चर्चा एका महत्त्वाच्या गोष्टीला वळसा घालून चालली आहे. लाट पकडण्याचा प्रश्न नंतरचा. आधी फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे जायचे कसे? ४५ लिटरचा बोर्ड सामान्य ताकदीच्या माणसाला लाटेखाली दाबता येत नाही, म्हणजे डक-डाइव्ह होत नाही. मग टर्टल रोल आलाच पाहिजे: बोर्डासकट उलटे व्हायचे, रेल दोन्ही हातांनी घट्ट धरायच्या, नाक लाटेकडे सरळ ठेवायचे आणि लाट वरून गेली की परत वर यायचे. पण दहापैकी सात जण फेस अंगावर आला की बोर्ड सोडून देतात आणि स्वतः बुडी मारतात. साडेसात फुटांचा बोर्ड आणि ८ फुटांची लीश (बोर्ड पायाला बांधणारी दोरी), म्हणजे त्यांच्या मागे १५ फुटांपर्यंत कोणीही सुरक्षित नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या पुढे असलेल्या एका पाहुण्याने असाच बोर्ड सोडला. मी एका मुलीला पाण्यात धरून उभी होते, त्यामुळे मला हात वर नेता आला नाही. फिन भुवईवर लागला आणि सात टाके पडले. ती मुलगी नऊ वर्षांची होती. तो बोर्ड वीतभर डावीकडे आला असता तर तिच्या तोंडावर बसला असता. त्या गृहस्थाने मला विचारले, ‘माझ्या बोर्डाला काही झाले का?’

म्हणून माझा निकष स्पष्ट आहे. जो बोर्ड तुम्हाला फेसात धरून ठेवता येत नाही, तो तुमचा बोर्ड नाही, मग त्याचा रॉकर कसाही असो.

पश्चिमवारा

माझ्या लेखावरून एवढे रण पेटले असल्याने उत्तर देणे भाग आहे. खारीवाटताई, तुम्हाला झालेल्या इजेचे मला मनापासून वाईट वाटते. तरीही बोर्ड कधीच सोडू नये, हा नियम किनाऱ्यावर उभे राहून सांगण्यापुरता ठीक आहे. समोर अख्खी भिंत एकाच वेळी कोसळत असेल तेव्हा बोर्ड छातीशी धरून ठेवला तर तोच दातांवर आदळतो. मला तसे झाले आहे, माझा पुढचा दात अर्धा तुटला आहे. तेव्हापासून मी मोठ्या फेसात बोर्ड सोडतो आणि खोल जातो.

खारीवाट

दात तुटला कारण तुम्ही बोर्ड छातीशी धरला. टर्टल रोलमध्ये बोर्ड आणि चेहरा यांच्यात अंतर राखतात. लाट आदळण्याच्या क्षणी हातांनी तो पुढे ढकलून धरतात. तुम्हाला ते कोणी शिकवले नाही, आणि त्याची किंमत तुमच्या मागच्या माणसाने मोजावी असे तुम्ही सुचवत आहात. सोडण्यापूर्वी तुम्ही मागे वळून पाहता का? प्रामाणिकपणे सांगा.

पश्चिमवारा

प्रत्येक वेळी पाहणे शक्य नसते. आपण ज्या सुरात बोलत आहात तो मला मान्य नाही. मी कोणालाही जखमी केलेले नाही.

खारीवाट

अजून केलेले नाही, एवढेच. सूर कडक आहे, कारण टाके माझ्या भुवईवर आहेत.

सॅनडिएगोकर

या बाबतीत मी खारीवाट यांच्या बाजूने आहे, जरी त्यामुळे माझाच आधीचा मुद्दा काहीसा ढिला पडतो. येथेही लाइनअपमध्ये (लाटेची वाट पाहत बसण्याच्या जागी) सर्वांत जास्त भांडणे याच कारणावरून होतात. डोक्यावरच्या लाटेत मी ब्लॅक्सला जात नाही, त्याचे खरे कारण हेच आहे: तेथे ७ फूट २ इंचांचा बोर्ड घेऊन मला बाहेर पोहोचता येत नाही. फिन बदलून तो प्रश्न सुटत नाही, हे मान्य करतो. पॉइंटवर मात्र कडेच्या खोल पाण्यातून वळसा घालून जाता येते, म्हणून लांब बोर्ड तेथे शोभतो.

दर्यावर्दी

कोवलमला अगदी तसेच आहे. ओहोटी असेल तर केसही न भिजवता बाहेर जाता येते. बीच ब्रेकवर, म्हणजे उघड्या वाळूच्या किनाऱ्यावर, अशी वाट क्वचितच मिळते. खारीवाट यांचा मुद्दा मी मूळ लिखाणात घ्यायला हवा होता. उघड्या पुळणीवर, लाट छातीच्या वर असताना, मी माझा कोणताच ७ फूट ४ इंची बोर्ड नेत नाही, आणि हे लिहायचे माझ्याकडून राहून गेले.

पण ‘पश्चिमवारा’, मूळ प्रश्न शिल्लक आहे. ज्या तिघांनी ‘आजच मागवतो’ लिहिले, त्यांना आपण काय सांगणार?

पश्चिमवारा

माझी परिस्थिती सांगतो, म्हणजे मी तसे का लिहिले ते कळेल. मी पुण्यात राहतो. गाडीच्या टपावर बोर्ड बांधून वर्षातून चार वेळा गोव्याला जातो, तेही ऑक्टोबर ते मार्च या काळातच, कारण पावसाळ्यात किनाऱ्यावर लाल बावटे असतात आणि माझ्यासारख्याने तेव्हा पाण्यात उतरूही नये. वर्षाला फार तर बारा दिवस पाणी मिळते. त्या बारा दिवसांत लाट गुडघ्यापासून कमरेपर्यंतच असते. अशा माणसाने दोन बोर्ड घ्यावेत, हे मला आजही पटत नाही. सपाट रॉकरचा, जाड रेलचा एक बोर्ड त्याला पुरतो.

‘गोव्यापासून बालीपर्यंत’ हे शब्द मी लिहायला नको होते. बालीला मी गेलेलो नाही. त्या तिघांपैकी दोघे गोव्यातच शिकणार आहेत, त्यांना मी तोच सल्ला देईन. तिसरे गृहस्थ कर्नाटकातील मुल्कीजवळ राहतात आणि पावसाळा संपता संपता, लाटेत दम असतानाच उतरतात; त्यांनी दर्यावर्दी यांना विचारून मग ठरवावे, असे मी त्यांना आजच लिहितो.

दर्यावर्दी

सपाट रॉकर आणि जाड रेल असे तुम्ही आता स्वतःच लिहिलेत, लिटर नाही लिहिलेत. माझे भांडण एवढ्यापुरतेच होते. मुल्कीच्या गृहस्थांना माझ्याकडे जरूर पाठवा, फक्त त्यांनी वजनाआधी ते नेमके कोठून पाण्यात उतरतात हे लिहावे: नदीच्या मुखाशी, की मोकळ्या पुळणीवर.

खारीवाट

आणि लीश किती फुटांची आहे तेही लिहावे. पश्चिमवारा, तुमचीही सांगा.

पश्चिमवारा

आत्ता मोजली. बोर्ड ७ फूट ६ इंचांचा आहे आणि लीश १० फुटांची आहे. बोर्डासोबत जुनीच आली होती, मी कधी पाहिले नव्हते. ८ फुटांची मागवली आहे. बोर्ड मी बदलणार नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आश्वेला असेन, टर्टल रोल शिकवण्यासाठी एक सकाळ द्याल का?

खारीवाट

साडेसहाला या. वारा फिरण्याआधी पाण्यात उतरायला हवे. पहिला तासभर लाट पकडायची नाही, फक्त फेस ओलांडायचा.