जर्सी ट्रस्ट : सल्लागाराच्या चुकीवर ४७एच वापरायचं का? मदत हवी आहे

मी ट्रस्टी कंपनीत काम करते, ट्रस्टला जर्सीचा (इंग्लिश खाडीतलं स्वतःचे कायदे असलेलं बेट) १९८४ चा ट्रस्ट कायदा लागू आहे. आमच्या ट्रस्टींनी टॅक्स सल्लागाराचं लेखी मत घेऊन एका लाभार्थीला मोठी रक्कम दिली आणि नंतर कळलं की मतात रहिवासाची तारीखच चुकीची धरली होती, त्यामुळे त्याच्यावर भलताच टॅक्स आला. असा निर्णय कोर्टाकडून रद्द करून घ्यायचा तर इंग्लंडमध्ये २०१३ च्या पिट विरुद्ध होल्ट निकालानंतर ट्रस्टीने कर्तव्यभंग केलेला असावा लागतो, नीट सल्ला घेतला असेल तर वाट जवळपास बंदच. जर्सीने मात्र त्याच वर्षी दुरुस्ती करून कलम ४७एच आणलं, त्याखाली कोर्ट ट्रस्टीचा असा निर्णय रद्द करू शकतं आणि त्यात ट्रस्टीचा दोष असायलाच हवा असं नाही, आणि मला हे जास्त न्याय्य वाटतं कारण भुर्दंड लाभार्थीला पडतो.

कलम वाचलंय, सल्लागाराला पत्र पाठवलंय (उत्तर नाही), सज्ञान लाभार्थींची संमती आहे, पण एक अल्पवयीन आहे. पैसे खर्च झालेले नाहीत, वेगळ्या खात्यात तसेच आहेत.

कोणी असा अर्ज प्रत्यक्ष केलाय का? आधी सल्लागारावर भरपाईचा दावा करा असं रॉयल कोर्ट (जर्सीचं न्यायालय) म्हणतं, की दावा न करता थेट ४७एच खाली जाता येतं?