बिलं का अडली? (सोसायटी ग्रुप)

बी-४०४: नमस्कार. १२ तारीख उलटली, मेंटेनन्सचं बिल नाही. ऑफिसात विचारलं तर म्हणे, 'प्रिंटचं बटणच दिसत नाही.' हे काय उत्तर झालं?

खजिनदार: ताई, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ नव्याने टाकल्यापासून मेनू अर्धाच दिसतो. अक्षरं अवाढव्य, खालचा भाग कापलेला. मी रोज संध्याकाळी त्यावरच बसतोय.

ए-१०१: नवीन कॉम्प्युटर घेऊन टाका ना! विंडोज ७ चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ जानेवारी २०२० लाच संपलाय.

सी-२०३: बिल उशिरा आलं तर व्याज लावू नका, एवढं आधी सांगा.

ए-१०१: काका, इथे कॉम्प्युटरचं चाललंय.

सी-२०३: माझंही त्याचंच चाललंय. व्याज लागतं थकबाकीवर.

बी-५०२: खजिनदार काका, मशीन बिघडलेलं नाही. विंडोज नव्याने टाकलं आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र नीट दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकला नाही की असंच होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले ॲडॉप्टर्स'खाली 'स्टँडर्ड व्हीजीए' लिहिलंय का बघा, म्हणजे खरा ड्रायव्हर नाही, कामचलाऊच चाललाय.

खजिनदार: हो, तेच लिहिलंय.

बी-६०१: मग आमच्या विंगच्या लिफ्टलाही ड्रायव्हरच हवा असेल. तीही अर्ध्यातच थांबते 😄

सेक्रेटरी: लिफ्टवाल्यांना कळवलंय. कृपया विषय भरकटवू नका.

बी-६०१: कळवलंय हे गणपतीपासून ऐकतोय.

बी-५०२: मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर दुसऱ्या मशीनवर उतरवून पेनड्राइव्हने आणू. आपलं विंडोज ३२ बिटचं की ६४ ते आधी बघा, चुकीचा ड्रायव्हर बसत नाही. मग रेझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवरच्या ठिपक्यांची संख्या, १२८० बाय १०२४ करायचं, आपला १७ इंची चौकोनी मॉनिटर त्याच मापाचा आहे. अक्षरांचा आकार १०० टक्क्यांवर.

ए-१०१: एवढी मेहनत जुन्या डबड्यावर? लॅमिंग्टन रोडला चला माझ्याबरोबर, सेकंडहँड चांगलं मिळेल.

खजिनदार: पैसे तुमच्या खिशातून देणार असाल तर आत्ता निघू.

ए-१०१: ठीक आहे. सूचना करणंही गुन्हा आहे इथे.

सी-२०३: व्याजाचं कुणी बोललं नाही.

बी-५०२: ए-१०१ काकांचंही बरोबर आहे. त्या मशीनवर बँकेचे व्यवहार नकोतच, इंटरनेटही काढून टाकलेलं बरं. पण बिलं छापायला नवीन मशीन कशाला? आजच्यापुरतं असं करा: ऑल्ट आणि स्पेस दाबा, मग एम, आणि वरचा बाण दाबत राहा. खिडकी वर सरकते, बटण दिसतं. खिडकी पूर्ण मोठी केलेली असेल तर आधी लहान करा, नाहीतर सरकत नाही.

खजिनदार: सरकली! प्रिंट दिसलं. पण मराठी नोटीस उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं.

बी-५०२: जुना मराठी फॉन्ट गेलाय, फाइल शाबूत आहे. फॉन्टची सीडी ऑफिसच्या कपाटात असेल. आणि काहीही करण्याआधी हिशेबाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, ते पहिलं.

बी-४०४: सीडी माझ्या यजमानांनीच दिली होती, ते सेक्रेटरी असताना. तेव्हा बिलं १ तारखेला मिळायची.

सेक्रेटरी: ताई, आपल्याबद्दल आदर आहे, पण तुलना नको.

सी-२०३: व्याज?

खजिनदार: या महिन्यात लावणार नाही. लेखी समजा. बी-५०२, शनिवारी सकाळी १० ला येशील? चावी माझ्याकडे आहे.

बी-५०२: येतो काका. तोवर कुणाला परत विंडोज टाकू देऊ नका 🙏