साखरपुड्याच्या अंगठीत मॉइसनाइट का नको?

शिवाजीपार्कची_सई

थेट मुद्द्यावर येते. साठ-सत्तर हजारांत साखरपुड्याची अंगठी करायची असेल तर खडा हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मॉइसनाइटचा घ्यावा आणि बाकीचे पैसे सोन्यात घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. धाकट्या दिराच्या अंगठीवरून आमच्या घरात सध्या दोन तट पडले आहेत. सासूबाईंचं म्हणणं, सुनेच्या बोटात खोटा खडा घालायचा नाही. दीर म्हणतो लॅबमधला हिरा घेऊ, तो खराच असतो. आणि जिच्या बोटात अंगठी जाणार आहे ती म्हणते, काहीही घ्या, फक्त ठाण्याला गाडीत चढताना काढून पर्समध्ये ठेवावी लागेल असं घेऊ नका.

मॉइसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. आंरी म्वासां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला 1893 मध्ये ॲरिझोनातल्या उल्काविवराच्या नमुन्यांत त्याचे कण सापडले. निसर्गात ते इतकं दुर्मीळ की दागिन्यांत येतं ते सगळं कारखान्यातलंच. मोह्सच्या मापावर कठीणपणा सव्वानऊ. हिऱ्याचा दहा, माणिक-नीलमचा नऊ. म्हणजे ओट्यावर, भांड्यांत, गाडीच्या दांड्यावर रोज घासलं तरी चरे पडायची भीती जवळपास नाही. अमेरिकेतलं पेटंट 2015 मध्ये संपलं, मग बाजारात माल वाढला आणि भाव उतरले. मला दादरला एक कॅरेटच्या हिऱ्याएवढा दिसणारा खडा काही हजारांत मिळतो आहे.

लॅबचा हिरा खरा असतो यावर माझा वाद नाही. पण डी बिअर्सने 2018 मध्ये लाइटबॉक्स नावाने लॅबचे हिरे कॅरेटला 800 डॉलरने विकायला काढले आणि 2025 मध्ये तो ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. एवढ्या मोठ्या कंपनीला त्यात राम दिसला नाही, तर मी माझ्या दिराचे वीस-पंचवीस हजार जास्तीचे कशासाठी घालू? केवळ "हिरा" म्हणता यावं म्हणून?

कार्बनकॉपी

हो, हिरा म्हणता यावं म्हणूनच! त्यात लाजण्यासारखं काय आहे?

सईताई, लॅबचा हिरा हा कार्बनच असतो. हिऱ्याची पातळ चकती बीज म्हणून ठेवतात, मिथेन आणि हायड्रोजनच्या प्लाझ्मात, म्हणजे प्रचंड तापवलेल्या वायूत, तिच्यावर थरावर थर चढतात, काही आठवड्यांत कच्चा खडा तयार. दुसरी पद्धत प्रचंड दाब आणि तापमानाची, ती जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत 1954 मध्येच साधली होती. कठीणपणा, चमक, अपवर्तनांक म्हणजे प्रकाश किती वळतो ते, सगळं खाणीतल्या हिऱ्याचंच. अमेरिकेच्या ट्रेड कमिशनने 2018 मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून "नैसर्गिक" हा शब्द काढून टाकला. पंतप्रधान मोदींनी 2023 मध्ये तेव्हाच्या अमेरिकी अध्यक्षांच्या पत्नी जिल बायडेनना साडेसात कॅरेटचा लॅबचा हिरा भेट दिला, तो काही कोणी नकली म्हणून परत पाठवला नाही.

मॉइसनाइट मात्र वेगळाच पदार्थ आहे. उन्हात धरलात की इंद्रधनुष्य उसळतं. हिऱ्याचं रंग फाकण्याचं माप 0.044, याचं 0.104. एक कॅरेटच्या पुढे गेलात की लग्नाच्या हॉलमधल्या फिरत्या दिव्यासारखं दिसतं. ज्याला डोळा आहे तो लांबून ओळखतो.

आणि भाव पडले हा तर घेणाऱ्याचा फायदा झाला. विकायला कोण चाललंय? साखरपुड्याची अंगठी विकायची वेळ आली तर खड्याचा भाव ही शेवटची काळजी असेल :)

गिरगावची_काकू

दोघांनाही विचारते. हिऱ्याचे पैसे नाहीत तर हिऱ्यासारखं दिसणारं काहीतरी घालायचा आग्रह कशासाठी? आमच्या वेळी साखरपुड्याला सोन्याचं साधं वळं असायचं, नाहीतर लाल खडा. कुणाचं काही अडलं नाही. हिरा असायचा कुडीत. सात बारीक खडे, कोंदण घट्ट, आणि ती कुडी सासूकडून सुनेकडे जायची. आता एकच मोठा खडा बोटावर मिरवायचा हे सिनेमातून आलं.

सई, तुझ्या सासूबाई "खोटा" म्हणतात ते मला पटतं. कारखान्यात बनलं म्हणून नव्हे. चारचौघांत त्याला हिरा समजावं अशा बेताने घालतो, म्हणून. मोती घाल, पोवळं घाल, ते जे आहे ते आहे. सत्तर हजार आहेत ना, मग निम्मे सोन्यात आणि निम्मे त्यांच्या संसारात.

भिंगवाला

बीकेसीच्या हिरे बाजारात बसतो, त्यामुळे मध्ये बोलतो. माझा धंदा खाणीतल्या हिऱ्याचा. माझं मत त्या हिशोबाने वाचा.

काकू, मोती रोजच्या अंगठीत घालू नका. त्याचा कठीणपणा अडीच-तीन. घाम, साबण, लिंबू, सगळं त्याला लागतं. कानात, गळ्यात उत्तम. पोवळंही तसंच मऊ.

कार्बनकॉपी, लांबून ओळखतो वगैरे सोडा. अर्ध्या कॅरेटच्या आसपासचा नीट कापलेला मॉइसनाइट बोटावर असताना आमच्यातलेही पटकन सांगत नाहीत. भिंगाखाली मात्र तो लपत नाही. दहा पटीचं भिंग घ्या, खडा किंचित तिरका धरा आणि वरच्या पैलूतून आत बघा. मागच्या पैलूंच्या कडा जोडीजोडीने दिसतात, एका रेघेच्या दोन रेघा. हिऱ्यात एकच रेघ दिसते. बरोबर समोरून पाहिलं तर ही जोडी दिसत नाही, म्हणून तिरका धरायचा.

अजून एक. सराफाकडे जे पेन असतं, खड्याला टेकवलं की वाजतं, ते बरेचदा फक्त उष्णता किती पटकन वाहते ते मोजतं. मॉइसनाइटवरही ते "हिरा" म्हणून वाजतं. वीज वाहते का हेही तपासणारं यंत्र लागतं. आणि लॅबचा हिरा ना भिंगाला कळत ना या पेनाला. त्याला प्रयोगशाळेतली यंत्रं, नाहीतर खड्याच्या कडेवर लेझरने कोरलेला नंबर आणि सर्टिफिकेट.

चर्चगेटफास्ट

एवढं सगळं कशाला? भुलेश्वरला जा, चांदीत अमेरिकन डायमंड बसवलेली अंगठी दोन-अडीच हजारांत घ्या. साखरपुड्याच्या फोटोत कोणाच्या बापाला कळत नाही. विरार गाडीत बायकांच्या डब्यात कोणी ओढून नेली तर हळहळही नाही. लग्नानंतर पगार वाढले की पाहिजे ते करा.

शिवाजीपार्कची_सई

@चर्चगेटफास्ट, अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिर्कोनिया, कठीणपणा आठ-साडेआठ. माझ्याकडे त्याच्या कानातल्या आहेत, छान राहिल्या. अंगठी मात्र रोज वापरली तर पैलूंच्या कडा बोथट होतात, खडा धुरकट दिसायला लागतो. फोटोपुरतीच हवी असेल तर तुमचं बरोबर आहे. तिला रोज घालायची आहे.

@गिरगावची_काकू, हिरा समजावं म्हणून आम्ही घालतच नाही आहोत. विचारलं की मॉइसनाइट सांगणार. तिच्या ऑफिसात निम्म्या जणींना तो माहीतही आहे. कुडीवर मला तुमच्याइतकंच प्रेम आहे, पण सात खड्यांची कुडी घालून कुर्ल्याला पूल चढणारी बाई मला दाखवा.

@कार्बनकॉपी, विकायला चाललंय कोण म्हणता, मग चार पैसे जास्त मोजायचं कारण काय उरलं? टिकाऊपणात सव्वानऊ आणि दहा यांत रोजच्या वापरात फरक जाणवत नाही. चमक आवडणं-न आवडणं हा डोळ्याचा प्रश्न. राहिलं फक्त नाव.

शुक्राची_चांदणी

पत्रिकेत शुक्रासाठी हिरा सांगितलाय. मॉइसनाइट चालेल का?

चर्चगेटफास्ट

शुक्राकडे वीज तपासणारं यंत्र आहे का ते आधी विचारा.

सुरतेहून_दादर

सगळे ग्राहकाचंच बोलताय. जगातले बहुतेक हिरे सुरतेत पैलू पाडून जातात. परदेशात मागणी बसली, त्यात ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने 50 टक्के आयातशुल्क लावलं, आणि आमच्याकडे कारखान्यांत कामाचे तास कापले गेले. माझ्या मामांच्या ओळीतली घंटी बंद पडली. घंटी म्हणजे ज्या चाकावर हिरा घासतात ती. लॅबचा हिरा निदान त्याच घंटीवर येतो. मॉइसनाइटच्या कौतुकात आमच्या माणसांच्या हाताला काय मिळणार?

खाणीतला हिरा म्हणजे रक्तपातातून आलेला आणि लॅबचा म्हणजे हिरवागार, असं कोणी म्हणायच्या आत सांगून ठेवतो: त्या यंत्रांना आठवडेच्या आठवडे वीज लागते. ती कोळशाची की सौर, हे विचारल्याशिवाय हिरवं म्हणू नका.

कार्बनकॉपी

@सुरतेहून_दादर, हे मात्र पटलं. आणि @सई, "राहिलं फक्त नाव" इतक्या सहज उडवू नका. साखरपुडा हाच मुळी नावाचा सोहळा आहे, नाहीतर रजिस्टरवर सही पुरते. तुमचा दीर हिरा मागतोय, ती "काहीही" म्हणतेय, आणि ठरवताय तुम्ही!

गिरगावची_काकू

शाब्बास. हे मी म्हणणार होते, पण वाईटपणा नको म्हणून थांबले.

भिंगवाला

हिशोबाचं बोलतो, कारण सत्तर हजारांतले बहुतेक पैसे खड्यात जाणारच नाहीत. चार ग्रॅमची 18 कॅरेटची अंगठी म्हणजे तीन ग्रॅम शुद्ध सोनं. दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पुढे गेल्यापासून तिथेच मोठा वाटा गेला. वर घडणावळ, वर तीन टक्के जीएसटी. म्हणून पहिला प्रश्न सोन्याचा. 14 कॅरेट घेतलंत तर 585 चा शिक्का येतो, पैसे वाचतात आणि धातू थोडा टणकही असतो. मोठ्या खड्याच्या अंगठीला मला तेच आवडतं. शिवाय हॉलमार्कचा सहा अक्षरी नंबर बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, ॲपवर तिथल्या तिथे तपासा.

खडा कॅरेटमध्ये मागू नका, मिलिमीटरमध्ये मागा. गोल साडेसहा मिलिमीटरचा हिरा साधारण एक कॅरेट भरतो. तेवढाच मॉइसनाइट हलका, कॅरेटच्या आतच, आणि तेवढाच अमेरिकन डायमंड दीडपटीहून जड. "एक कॅरेटचा अमेरिकन डायमंड" म्हणून दिला तर तो अपेक्षेपेक्षा लहान दिसणार, मग भांडणं.

आणि नकळत पैसे जातात ते इथे: पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्या. एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम. खड्याचं वजन सोन्याच्या भावात लावलेल्या पावत्या माझ्याकडे लोक घेऊन येतात.

मोडीबद्दल: लॅबचा, मॉइसनाइट, दोन्ही मोडीला जवळपास शून्य धरा. खाणीतल्याला पैसे मिळतात, पण बहुधा त्याच पेढीत, पावती दाखवून, घट कापून. दुसरीकडे गेलात तर बरेचदा सोन्याचेच मोजतील. 2022 नंतर खाणीतल्याचेही भाव उतरले आहेत, हे माझ्या पोटावर पाय देऊन सांगतो.

शिवाजीपार्कची_सई

हे कामाचं. पांढरा पुष्कराज कसा? एका सराफाने तो सुचवला, "खरा आहे आणि स्वस्त आहे" म्हणाले.

भिंगवाला

खरा आहे, नीलमच्याच जातीचा, कठीणपणा नऊ, टिकतो. पण हिऱ्याची जागा तो घेणार नाही. अपवर्तनांक 1.77 च्या आसपास, हिऱ्याचा 2.42. पाण्यासारखा स्वच्छ दिसतो, पण आग, म्हणजे रंगांची उधळण, नाही त्यात. शांत खडा आवडणाऱ्यांना चांगला.

तुम्ही मॉइसनाइटच घेणार असाल तर रंगहीन घ्या. हलक्या प्रतीचा माल पांढऱ्या कागदावर ठेवला की हिरवट-पिवळट झाक देतो. जडवून मागताना खडा धरणाऱ्या नख्या सहा सांगा, चार नको. गाडीच्या गर्दीत एक वाकली तरी खडा राहतो. आणि कोणताही खडा, हिरासुद्धा, कणकेच्या आणि क्रीमच्या हाताने निस्तेज होतो. हिऱ्याला तर तेल विशेष चिकटतं. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब, मऊ ब्रश, खालच्या बाजूने. बायका वरूनच घासतात आणि मग म्हणतात चमक गेली.

गिरगावची_काकू

बायका घासतात म्हणे. पुरुषांच्या अंगठ्या कोण घासतं?

कार्बनकॉपी

सईताई, शेवटचं. दिराला आणि तिला दोघांनाच दादरला पाठवा, मॉइसनाइट आणि लॅब शेजारी शेजारी ठेवायला सांगा, दुकानाच्या दिव्याखाली नव्हे, बाहेर रस्त्यावरच्या उजेडात. दुकानातले दिवे तर काचेलाही हिरा करतात. मी पैज लावतो ती लॅबचा उचलेल.

शिवाजीपार्कची_सई

पाठवते. पण भाव आधी सांगून पाठवणार.