माथेरानला जांभळाखाली रोपंच रोपं, पण मधली पिढी कुठे गेली?

सई, मुलुंड:
दर जुलैत नेरळहून चालत माथेरान चढते. या वेळी पावसाने अडवलं म्हणून एका जुन्या जांभळाखाली अर्धा तास उभी होते. चटईएवढ्या जागेत 64 रोपं मोजली, सगळी दोन-चार पानांची. मग गुडघ्याएवढं, कमरेएवढं जांभूळ शोधलं, तर एकही नाही. वर आजोबा, खाली तान्ही बाळं, मधे कुणीच नाही. हे जंगल असंच संपत जाणार का? पुढच्या खेपेला बिया नेऊन पेरू का?

निवृत्त मास्तर, बोरिवली:
सई, जांभळाच्या एकाच बीतून बऱ्याचदा दोन-तीन कोंब येतात, तेव्हा तुझी 64 रोपं म्हणजे 64 बिया नव्हेत. शिवाय ही बी साठून राहत नाही. पावसाच्या तोंडाशी पडते, काही आठवड्यांत रुजते, नाहीतर मरते. म्हणून जुलैत गर्दी दिसणारच. खरी कसोटी पाऊस गेल्यावर. जांभ्या दगडावरच्या पातळ मातीत त्या कोवळ्या मुळांना मे महिना गाठायचा असतो. आणि तू वाटेलगत उभी होतीस ना? तिथे माती वाहून झाडांची मुळं उघडी पडतात, वरून माणसांचे पाय नि घोड्यांच्या टापा. वाटेपासून आत चित्र वेगळं असू शकतं.

मुलांना घेऊन मी सुतळीने 10 बाय 10 मीटरचे चौकोन आखायचो. 1.37 मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजायला सगळे पुढे, रोपं मोजायला वाकायचं म्हटलं की मागे! एका चौकोनात वर जांभूळ, हिरडा, पिसा होते, खाली मात्र अंजनीच अंजनी. करंगळीएवढ्या खोडाची, कमरेएवढी. मुलांनी लिहिलं, 'वय दोन वर्षं'. मी ते खोडायला लावलं. दाट सावलीत अंजनी इतकी सावकाश वाढते की उंचीवरून वय सांगूच नये.

बिया पेरू नकोस. बियांचा तुटवडा नाही, तूच मोजलंस. बुलबुल, उदमांजर त्या आईपासून लांब नेऊन टाकतात. तू मेमध्ये त्याच जागी जाऊन पुन्हा मोज.

आंबेगावची लेक, कांदिवली:
सर, हिरड्याचं दुखणं निराळं आहे. आमच्या भीमाशंकरच्या बाजूला बाळहिरडा गोळा करतात, आठळी टणक व्हायच्या आतलं कोवळं फळ. त्यावर घरं चालतात, ते बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण ते फळ रुजणार कुठून? माझी आजी प्रत्येक झाडाचा शेंडा तसाच ठेवायला लावायची. "तेवढा झाडाचा," म्हणायची.

सई, मुलुंड:
हो सर, अगदी वाटेलगतच होते. त्या जांभळाला घोडा बांधून बांधून एका बाजूची साल घासली गेलीय, त्यामुळे झाड नक्की सापडेल. मेमध्ये सुतळी घेऊन जाते.