मंडळाची खोली: पाडायच्या आधी काय काय लिहून ठेवायचं?

मी: सगळ्यांना एक विनंती. मुंबईत गिरणीकामाला आलेली आपल्या गावची माणसं जिथे राहायची, ती डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली गावमंडळाची खोली आता कधीही रिकामी करायला सांगतील. त्या खोलीत कोण राहिलं, कसं राहिलं हे कुठेच लिहिलेलं नाही. मी लिहून काढणार आहे. ज्याला जे आठवेल ते इथे टाका. बोलून पाठवलंत तरी चालेल, मी उतरवून घेईन.

दादा: चाळींचा इतिहास नेटवर आहे की. १९२० ला गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, म्हणून बीडीडी. पैसा उभा करायला कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर. वरळी, नायगाव, शिवडी आणि आपला ना. म. जोशी मार्ग, म्हणजेच डिलाईल रोड, मिळून २०७ इमारती बांधल्या. एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची.

मी: ते कुणालाही सापडेल रे. त्या १६० फुटांत माणसं किती झोपायची ते कुठे आहे?

दादा: गॅलरीत झोपत असतील निम्मी.

आप्पा: बीडीडीला गॅलरी कुठली? मधोमध लांब बोळ आणि दोन्ही अंगाला खोल्या. बोळात, गच्चीवर, फुटपाथवर झोपायचे. मी मुसाकाजी बंदरातून बोटीने आलो तेव्हा खोलीवर तीसेक नावं होती, पण तीसजण एकदम खोलीत कधी नसायचेच. पहिल्या पाळीवाला उठला की रातपाळीवाला येऊन तिथेच वळकटी सोडणार. प्रत्येकाला एक खुंटी आणि फळीवर एका पेटीची जागा. त्याच्यापलीकडे आपलं म्हणून काही नाही. भिंतीला देवाचा फोटो, कोपऱ्यात मोरी, मोरीजवळची जागा नव्याला. मीही तिथेच होतो, वरचा कोण गावी गेला की एकेक हात पुढे सरकायचं.

आप्पा: आणि वही होती. नाव, वाडी, गिरणी, खातं, पाळी, वर्गणी. बदलीवाल्याला, म्हणजे कायम नसलेल्या कामगाराला, काम मिळालं नाही तर वर्गणी पुढच्या महिन्यावर. दारू पिऊन आला तर दंड. त्या शिलकीतून देवळाची कौलं झाली, शाळेची भिंत झाली. शिमग्याला कोण जाणार आणि पाळी कोण सांभाळणार यावर सभेत हमरीतुमरी व्हायची. खोलीत बायकांना मुक्काम नाही, हाही नियम वहीच्या पहिल्या पानावर.

आत्या: मुक्काम नाही, बरोबर. आणि हे तीसजण जेवायचे कुठे, ते वहीत आहे का आप्पा?

आप्पा: तुझ्या आईकडे. ते कसं विसरू?

आत्या: मग लिही गो बाय. तुझी आजी समोरच्या चाळीत खानावळ चालवायची. पगाराला पैसे, जेवला नाही त्या वेळेचा खाडा. पहाटे पहिल्या पाळीचे डबे, दुपारी दुसरीचे, रात्री परत चूल. १६० फुटांच्या खोलीत आम्ही पाच माणसं आणि जेवायला हे तीसेक मेंबर. वाण्याची उधारी कधी फिटली नाही. १९७५ ला प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. तिचं नाव कर्जाच्या कागदावर लागलं, त्याआधी रेशनकार्ड सोडून कशावर नव्हतं.

आत्या: १८ जानेवारी ८२ ला गिरण्यांचा संप लागला. लोक म्हणाले महिनाभर. आईने मेंबर बंद केले नाहीत. निम्मे गावी गेले ते परतलेच नाहीत. तिची वही माझ्याकडे आहे, कितीतरी नावांपुढे रकमा तशाच उभ्या आहेत. संप मागे घेतल्याचं कुणी कधी सांगितलं नाही, तशी तीही वही कधी बंद झाली नाही.

मी: आत्या, ती वही मला हवीच. मंडळाच्या वहीइतकीच.

काका: शुभ सकाळ. सगळं वाचलं. छान उपक्रम. फक्त पावतीचा विषय नको. खोली मंडळाची, भाडेपावती एकाच्या नावावर, आणि आता बदल्यात ५०० फुटांचा फ्लॅट. अजून मिटलेलं नाही, उगाच कोण दुखावेल.

मी: नावं घालणार नाही काका. पण पावतीला माणूस लागायचा म्हणून एकाचं नाव दिलं, हे शेजारच्या कितीतरी मंडळांत झालंय. ते गाळलं तर खोली कोणाची होती हेच कळणार नाही.

काका: नाव नको म्हणजे नकोच.

वहिनी: मी गावात नवीन, म्हणून विचारते. बौद्धवाडीतली माणसं पण गिरणीतच होती ना? ती याच खोलीत राहायची का?

आप्पा: नाही. त्यांची खोली वेगळी, नायगावला.

वहिनी: गाव एकच ना पण?

आप्पा: गाव एकच. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, माझ्या शेजारच्या मागावर त्यांच्यातलाच होता, आम्ही एका बाकड्यावर डबा खायचो. खोलीवर कधी बोलावलं नाही. तेव्हा कुणी विचारलंही नाही.

दादा: हे लिहायचं का?

आप्पा: मी सांगितलं ते लिहायचं. वहीत वाडीचा रकाना आहे, पानं चाळून बघा, ती वाडी सापडणार नाही.

मी: मग गावाच्या दोन खोल्या लिहायच्या. आप्पा, त्यांच्या मंडळात कुणाला ओळखता?

आप्पा: तो बाकड्यावरचा गेला. मुलगा आहे, कळव्याला असतो. नंबर शोधतो. पहिला फोन मीच करेन, तू एकदम करू नकोस.

मी: बरं. आत्या, रविवारी येते. वही उन्हात ठेवू नकोस, चिकटपट्टी लावू नकोस. पानं मी खिडकीच्या उजेडात फोनवर घेईन. आप्पा, मंडळाची वही?

आप्पा: कपाटात. किल्ली खजिनदाराकडे, तो विरारला. काका सांगतील त्याला.

काका: सांगतो. पावतीचं मात्र बघा.