सोसायटीचं वॉर्ड ऑफिसला पत्र: जावक क्रमांक, संदर्भ, मेल – नेमकं कसं?

नवे_सचिव:
फाटकासमोरची ड्रेनेज लाइन तुंबते म्हणून संस्थेतर्फे वॉर्ड ऑफिसला पत्र द्यायचं आहे. आधीच्या पत्राला उत्तर आलेलं नाही. फांद्यांची छाटणी आणि पाण्याचा कमी दाब हेही त्यातच लिहावं का? मेल केला तर कागद द्यावा लागतो का? जुना नमुना श्री-लिपीत आहे, मेलमध्ये चिकटवला की रोमन अक्षरांचा काला होतो. शिवाय संस्थेच्या मॅनेजरला लेखी ताकीद द्यायची आहे. तीही याच साच्यात?

जावक_बारनिशी:
तीन विषय एका पत्रात अजिबात नकोत. आवक विभाग पत्राला एकच क्रमांक देतो आणि ते एकाच टेबलाकडे जातं. ड्रेनेजवाला आपलं काम बघतो आणि फाइल बंद करतो. फांद्या उद्यान खात्याकडे आणि पाणी जलकामे विभागाकडे, अशी तीन स्वतंत्र पत्रं करा.

लेटरहेडवर संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता. त्याखाली असं (जा.क्र. म्हणजे जावक क्रमांक, बाहेर जाणाऱ्या पत्राला आपण देतो तो):

जा.क्र.: संस्था/मलनिःसारण/२०२५-२६/१४ (उजवीकडे) दि. ०९/०६/२०२५

स्मरणपत्र – १

प्रति,
मा. सहायक आयुक्त,
(विभाग कार्यालयाचं नाव व पत्ता)

विषय: संस्थेच्या मुख्य फाटकासमोरील मलनिःसारण वाहिनी साफ करण्याबाबत.
संदर्भ: संस्थेचे पत्र जा.क्र. संस्था/मलनिःसारण/२०२५-२६/०९, दि. २२/०४/२०२५ (आपली पोच दि. २३/०४/२०२५)

महोदय/महोदया,

‘प्रति’मध्ये पदनामच लिहा, अधिकाऱ्याचं नाव नको. बदली झाली की नावाचं पत्र टेबलावर लोळत पडतं. विषयात मागणी दिसली पाहिजे. नुसतं ‘ड्रेनेजबाबत’ लिहिलं तर कोणाला काय करायचं ते कळत नाही. संदर्भात पोचेची तारीख घातली की ‘पत्र मिळालंच नाही’ म्हणायची सोय उरत नाही.

‘उपरोक्त विषयास अनुसरून’ हवं तर लिहा, पण त्याच वाक्यात काय हवं ते येऊ दे. पहिल्या परिच्छेदाला क्रमांक नसतो, पुढच्यांना २, ३ असे देतात. शेवटी ‘आपला विश्वासू’, सहीसाठी तीन ओळी मोकळ्या, मग नाव, पद आणि शिक्का. शिक्का सहीवर मारू नका, दोन्ही वाचता येत नाहीत. डावीकडे खाली ‘सोबत: १) आधीच्या पत्राची प्रत – १ पान, २) छायाचित्रे – ३’ असा हिशेब द्या. नुसतं ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं तर एखादं पान गळालं तरी पत्ता लागत नाही.

त्याखाली ज्यांना पत्राच्या प्रती पाठवायच्या त्यांची यादी. वरिष्ठांना ‘माहितीसाठी सविनय सादर’, बाकीच्यांना ‘माहितीसाठी रवाना’. उपायुक्तांना ‘रवाना’ लिहिलेलं बरं दिसत नाही.

देवनागरी_टंक:
फॉन्टचं सांगतो. श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की मूळ रोमन उघडं पडतं. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल अशा टंकात, बदलून घ्या. मात्र कन्व्हर्टरनंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि ‘ऱ्या’ डोळ्यांनी तपासा. ‘कार्यालय’, ‘दुरुस्ती’ यांतच घोळ सापडतात.

वर्डमध्ये आकार १४ करूनही मराठी अक्षरं लहानच राहिली, तर फॉन्टच्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा खाना वेगळा असतो, तिथे १४ करा. ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवू नका, वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. ‘मल्टिपल’ १.१५ पुरतं. कागद ए४, डावा समास दीड इंच, कारण फाइलला टोचल्यावर पहिली अक्षरं आत जातात. सही एकटीच दुसऱ्या पानावर गेली तर मजकुराच्या निदान दोन ओळी तिच्यासोबत न्या. नुसती सही असलेल्या कोऱ्या पानावर कोणीही काहीही छापू शकतो.

जावक_बारनिशी:
मेल करा, पण कागदही द्या. दोन प्रती न्यायच्या. एक आवक खिडकीवर द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेऊन ती स्थळप्रत, म्हणजे आपल्या फाइलची प्रत, म्हणून जपायची. नुसता शिक्का घेऊन परतू नका. पुढे चौकशीला आवक क्रमांकच विचारतात.

मेल_आणि_मेमो:
मेल संस्थेच्या आयडीवरून जाऊ दे, सचिवांच्या खासगी आयडीवरून नको. समिती बदलली की सगळा पत्रव्यवहार जुन्या सचिवांसोबत जातो. ‘टू’मध्ये ज्यांनी काम करायचं ते एकच कार्यालय, बाकीचे ‘सीसी’त. पाच जणांना ‘टू’मध्ये घातलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. मेलच्या विषयात आधी मागणी, मग जा.क्र. मोबाइलवर सुरुवातीचेच शब्द दिसतात. सही केलेली पीडीएफ जोडा, पण मागणी आणि आधीच्या पत्राची तारीख मेलमध्येही चार ओळींत लिहा. स्मरणपत्र त्याच मेलला ‘रिप्लाय ऑल’ करून पाठवा, म्हणजे मागचं सगळं खाली राहतं.

मॅनेजरसाठी हा साचा नको, त्याला ज्ञापन, म्हणजे मेमो, द्या. वर मध्यभागी ‘ज्ञापन’, जा.क्र. आणि तारीख. ‘महोदय’ नाही, ‘आपला विश्वासू’ नाही. भाषा तृतीयपुरुषी: ‘श्री. अमुक, व्यवस्थापक, यांना कळविण्यात येते की…’. कोणती चूक, कोणत्या तारखेला, खुलासा किती दिवसांत, हे तिन्ही हवं. ‘वारंवार निष्काळजीपणा’ असं मोघम लिहिलं तर खुलासाही तसाच मोघम येतो. खाली ‘ज्ञापन मिळाले’ अशी ओळ ठेवून तारखेसह सही घ्या. सही नाकारली तर दोन साक्षीदारांसमोर तशी नोंद करा आणि एक प्रत स्पीड पोस्टाने घरच्या पत्त्यावर पाठवा.

नवे_सचिव:
आधीच्या पत्रावर जावक क्रमांकच नाही, आता काय?

जावक_बारनिशी:
मागच्या तारखेचा क्रमांक घुसडू नका. संदर्भात ‘संस्थेचे दि. … चे पत्र, आपला आवक क्र. …’ असं लिहा. जावक वही या पत्रापासून सुरू करा.